चिंगीचं घर : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

चिंगी, मांजराचं पिल्लू, आज घरी आली. वय अंदाजे आठ आठवडे, वजन ६४० ग्रॅम. तिची दोन भावंडं तुरुतुरु पळतात. ही उभी राहिली की मागचे पाय फाकवते, पुढचा पाय गरजेपेक्षा कितीतरी उंच उचलून दाणकन टाकते, आणि चार पावलांत कुठल्यातरी अंगावर कलंडते. कलंडली की लगेच उठते आणि जिथे निघाली होती तिथेच पुन्हा निघते. दिशा विसरत नाही, हे मला फार आवडलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तिला नुसतं चालू दिलं. मग पाय चिमटून पाहिले, डोळे आणि कान तपासले. पायात ताकद पूर्ण आहे. झोपेत अंग अजिबात थरथरत नाही, जागेपणी एखाद्या वस्तूकडे तोंड नेलं की थरथर सुरू होते. निदान: सेरेबेलर हायपोप्लेझिया. म्हणजे अनुमस्तिष्क, ज्याला आपण लहान मेंदू म्हणतो, तो पुरेसा वाढलेलाच नाही. हालचालीचं मोजमाप तिथे होतं: पाय किती उचलायचा, कुठे थांबवायचा. चिंगीला चालण्याची इच्छाही आहे आणि जोरही आहे, फक्त ते माप बसत नाही.

बहुतेक वेळा याच्या मुळाशी पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू असतो. मांजरी गाभण असताना किंवा पिल्लं अगदी तान्ही असताना त्याची लागण झाली, तर तो झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतो, आणि जन्माच्या आगेमागे अनुमस्तिष्काच्या पेशी नेमक्या तशाच वाढत असतात. एकाच विणीतली काही पिल्लं सापडतात, काही सुटतात. एमआरआयने मेंदूचा आकार दिसला असता. मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "त्यासाठी एवढ्याशा पिल्लाला भूल द्यावी लागेल, आणि हाती आलेल्या चित्राने तुम्ही उद्या करणार आहात त्यात काहीच बदलणार नाही. चाल स्पष्ट बोलतेय." पटलं.

वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: हा आजार वाढत जात नाही. दुखत नाही. त्यावर औषध नाही. आयुष्य इतर मांजरांइतकंच असतं. तेव्हा बदलायचं ते घर. या नोंदी त्या कामाच्या आहेत.

८ जानेवारी

दोन आठवडे चिंगी आतल्या खोलीत वेगळी राहणार. विषाणू तिच्या अंगात अजून असेल तर विष्ठेतून बाहेर पडू शकतो. आमच्या गोटू बोक्याच्या लशी पूर्ण आहेत, तरी दोघांची भांडी, ट्रे, फडकी वेगळी ठेवली. हा विषाणू भलता चिवट आहे, घरात फटीत-कापडात वर्षभरही टिकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. फरशी आधी साबणाने धुतली, मग एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी घेऊन दहा मिनिटं ओली ठेवली, मग साध्या पाण्याने पुसली. तेवढा वेळ मांजरं बाहेर, खिडक्या उघड्या.

चिंगीच्या लशी सुरू झाल्या. सोळा आठवड्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. तिची आई आणि भावंडं जिथे आहेत तिथेही कळवलं. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस द्यायची नसते, कारण तो क्षीण केलेला विषाणूसुद्धा पोटातल्या पिल्लांच्या अनुमस्तिष्कापर्यंत पोचू शकतो. हे त्यांना आवर्जून सांगितलं. लस चुकवायची नाही, पण वेळ आणि प्रकार डॉक्टरांनाच ठरवू द्यायचा.

१२ जानेवारी

फरशी. सगळ्यात मोठं काम हेच.

गुळगुळीत टाइलवर तिचे पाय चारी दिशांना पसरतात आणि पोट जमिनीला टेकतं. सुती सतरंजी टाकून पाहिली. सतरंजी तिच्यासकट घसरते. योगा मॅट जागची हलत नाही, पण नखांनी तिचे तुकडे निघतात आणि पिल्लू ते चघळतं, म्हणून उचलून टाकली. लूपच्या विणीचा गालिचा दुकानातच नाकारला, त्यात नख अडकलं की ती झटका देऊन ओढणार आणि नख मुळापासून दुखावणार. शेवटी आखूड कापलेल्या धाग्यांचा, खालून रबर असलेला गालिचा आणला. कडा दुहेरी टेपने फरशीला चिकटवल्या, कारण उचललेल्या कडेला ती पाय अडकवते.

आता पडायचं प्रमाण लक्षात येण्याइतकं कमी आहे. पडली तरी हनुवटी आपटून टणकन आवाज येत नाही. तो आवाज ऐकवत नव्हता. या मांजरांच्या दातांचे टवके उडतात ते असेच.

१५ जानेवारी

जमिनीवर आडवी होऊन तासभर तिच्या वाटा पाहिल्या. खोलीच्या मधून ती जवळजवळ जात नाही. दारापासून अंथरुणापर्यंत भिंतीला उजवा खांदा टेकवून, घासत घासत जाते. भिंतीच्या पांढऱ्या रंगावर चार बोटं उंचीवर एक फिकट करडा पट्टा उमटलाय, तिच्या खांद्याचा. तो पट्टा पुस्तकांच्या खोक्यापाशी तुटतो, खोक्याच्या पलीकडे पुन्हा सुरू होतो, आणि ती नेमकी त्या तुटलेल्या जागी पडते.

खोकं हलवलं. टेबलाचा पाय, झाडाची कुंडी, चपलांचं कपाट, सगळं भिंतीपासून दूर सरकवलं. भिंतीलगत साधारण ४० सेंटीमीटरची मोकळी वाट सबंध घराला वळसा घालून जाईल असं ठरवलं. सामान मधे आणि वाट कडेने. माणसांना जरा गैरसोयीचं आहे, पण सवय होईल.

आईला ती पडलेली बघवत नाही. "अगं, उचल ना तिला," म्हणते. मी आईला थांबायला सांगते. पडल्यावर उठणं हाच तिच्या शरीराचा अभ्यास आहे. अनुमस्तिष्क नव्याने वाढणार नाही, पण मेंदूचे बाकीचे भाग, डोळे, स्नायू यांच्या मदतीने ती स्वतःच्या युक्त्या शोधेल. प्रत्येक वेळी उचललं तर कधी शोधणार? अडकली, घाबरून ओरडली, तर मात्र लगेच जायचं.

१९ जानेवारी

खाणं. आज वाटीच्या शेजारी बसून नीट पाहिलं.

वाटी एक हात दूर असते तेव्हा डोकं स्थिर असतं. ती जवळ येते, मान पुढे करते, आणि तिथून थरथर चालू होते. नाक वाटीच्या जितकं जवळ, तितके झोके मोठे. शेवटच्या बोटभर अंतरात डोकं खाली-वर इतकं हलतं की पहिला घास नाकाला लागतो, दुसरा कपाळाला. मग तोंड खाद्याला टेकतं, आणि टेकल्याबरोबर थरथर निम्म्याने उतरते. म्हणजे आधार मिळाला की काम सोपं होतं. हे लक्षात आल्यावर पुढचं सगळं सुचलं.

वाटी जड सिरॅमिकची, रुंद, उथळ, छातीच्या उंचीच्या चौथऱ्यावर, खाली सिलिकॉनची चटई. चौथरा खोलीच्या कोपऱ्यात, म्हणजे एक बाजू भिंतीला टेकते. दुसऱ्या बाजूला घट्ट गुंडाळलेला टॉवेल. पातळ रस्सा असलेलं खाद्य नाकात जाऊन ती शिंकत होती, आता घट्ट देते, वाटीच्या मधे ढीग करून. ती बसून किंवा पोटावर लोळून खाते. उभं राहून खायला हवं असा माझा काही आग्रह नाही.

पाण्याचं भांडं वेगळं, आणखी रुंद, तळाशी दोन बोटं पाणी. बाथरूमचं दार कायम बंद. भरलेली बादली, टब, काहीही उघडं राहता कामा नये. तोल जाऊन आत पडली तर तिला कड पकडून बाहेर येणं जमणार नाही.

२१ जानेवारी

वजन करायला ती जागी असताना काटा कधीच स्थिरावत नाही. झोपलेली असताना टोपलीसकट काट्यावर ठेवली. टोपलीचं वजा जाता ८४० ग्रॅम. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, तेव्हा ठीक चाललंय. अशा पिल्लांची बरीच ताकद नुसत्या हालण्यात जाते, म्हणून दिवसाचं खाणं जास्त वेळांत विभागलं.

२७ जानेवारी

लिटर ट्रे, म्हणजे तिची शी-शूची जागा. नेहमीच्या ट्रेमध्ये ती बसली की मागे कलंडते आणि सगळं अंगाला लागतं. साठवणीचा मोठा प्लास्टिकचा डबा घेतला, भिंती ३० सेंटीमीटर. दादाने एका बाजूला दार कापून दिलं, उंबरा ६ सेंटीमीटर. "कड घासून दे रे, तिचं पोट घासणार आहे त्यावर," म्हटलं, तर त्याने पॉलिश पेपरने घासून वर कापडी टेपही लावली.

आता ती आत जाते, कोपऱ्यात पाठ टेकवते आणि उभ्यानेच उरकते. डबा स्वच्छ, आणि तीही. गोळे होणारी माती या वयाला देत नाही, ती पडणार, माती अंगाला चिकटणार, चाटल्यावर पोटात जाणार. लाकडाच्या भुश्याच्या गोळ्या ठेवल्या आहेत. त्यांचा थर पातळ हवा, जाड थरात पाय रुततात. दिवसातून एकदा कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने मागचं अंग पुसते, ते तिला आवडत नाही, पण लवकर आटपतं.

ट्रे प्रत्येक मजल्यावर एक हवा. तिला घाई झाली तर लांब चालणं परवडत नाही.

४ फेब्रुवारी

गोटू आणि चिंगी. वेगळेपणाची मुदत संपल्यावर आधी दोघांची अंथरुणं बदलून वास ओळखीचा केला. मग दाराला जाळी लावून जाळीच्या दोन्ही बाजूंना जेवण. आज जाळी काढली.

गोटू फिस्कारला. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. मांजरांची सगळी बोली शरीराची. डोळे रोखून, पाय आपटत, सरळ अंगावर येणारं मांजर म्हणजे भांडण. चिंगीला वळून, कडेने, हळू येणं जमतच नाही. ती झेपावली ती थेट त्याच्या पोटावर. तो कपाटावर जाऊन बसला. उंच जागा त्याची, जिथे ती पोचू शकत नाही, ती तशीच राखून ठेवायची. त्यालाही आपलं घर हवंच.

९ फेब्रुवारी

गोटू तिच्याशेजारी झोपला. मधे एक हाताचं अंतर आहे.

२० फेब्रुवारी

चढणं. उडी मारायची तिची तयारी असते, पण अंदाज चुकतो. कधी सोफ्याच्या खाली आदळते, कधी वरून पलीकडे जाते. चढायला मात्र ती पटाईत आहे, कारण चढताना नखं धरून ठेवतात, एक पाय चुकला तरी तीन पाय लटकलेले असतात. म्हणून नखांची फक्त अणकुचीदार टोकं कापते, जास्त नाही. नखं हा तिचा आधार आहे. काढून टाकण्याचा तर विचारही कोणी करू नये.

अडचण उतरण्याची. म्हणून नियम असा केला की जिथे चढता येतं तिथे उतरायला उतार असलाच पाहिजे. सोफ्याची बैठक ४० सेंटीमीटर उंच, दादाने १२० सेंटीमीटरची फळी बसवली, रुंदी ३५, दोन्ही कडांना तीन बोटं उंच पट्टी, वर तोच गालिचा. अरुंद उतारावर ती कडेने घसरते, म्हणून रुंदीत काटकसर नको. फळीच्या दोन्ही बाजूंना जाड उशा.

पहिल्यांदा ती फळीवरून खाली आली ती पोटावर घसरतच. लगेच वर गेली आणि पुन्हा घसरली. तिला ते आवडलंय असं दिसतं. मी तिथेच बसून राहिले, चहा गार झाला.

पुस्तकांच्या कपाटापुढे सोफा होता, तो हलवला. सोफ्यावरून तिथे चढता आलं असतं आणि खाली यायला काही नाही. खिडक्यांना आणि गच्चीला जाळी आधीच होती, तिच्या खालच्या कडा पुन्हा आवळल्या.

३ मार्च

खेळ. हवेत नाचवायच्या पिसांच्या काडीमागे उसळली की पाठीवर आपटते. जमिनीवरून हळू ओढलेली जाड दोरी तिला पकडता येते. दर वेळी शेवटी पकडू देते. पंजात काहीच न येणं कुठल्याही मांजराला चिडवून सोडतं, मग हिला तर किती मेहनत पडते. खेळ झाला की दोरी कपाटात, कारण गिळली तर आतड्यात अडकते.

दमली की थरथर वाढते. तेव्हा थांबायचं.

१६ मार्च

लोकांचे सल्ले येतात. कोणी कानात तेल घालायला सांगतं, कोणी जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कोणी पायांना मालीश. सगळे मायेनेच सांगतात. तरी इथे लिहून ठेवते, घरातल्या इतरांसाठी: डॉक्टरांनी आत डोकावून पडदा शाबूत असल्याचं पाहिल्याशिवाय तिच्या कानात काहीही जायचं नाही. फाटलेल्या पडद्यातून काही औषधं आतल्या कानापर्यंत पोचतात आणि तोल सांभाळणारी इंद्रियंच बिघडवतात. कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध तर घरातच नको. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, ते मांजरांना विषारी आहे आणि त्यानेही अंग थरथरतं. चिंगीच्या बाबतीत ती थरथर नेहमीची समजून वेळ जाईल, हा धोका दुप्पट.

यावरून सुचलं, तिची नेहमीची चाल नोंदवून ठेवायला हवी. दर महिन्याला तीच खोली, तोच गालिचा, चालतानाचं आणि खातानाचं चित्रीकरण. बदल झाला तर दाखवायला काहीतरी हातात असेल.

८ एप्रिल

नसबंदी झाली. भूल देणाऱ्यांना आधीच तिची चित्रफीत दाखवली, म्हणजे शुद्धीवर येतानाचं भेलकांडणं किती तिचं आणि किती भुलीचं ते त्यांना कळेल. नेताना-आणताना पेटीत दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल खोचले, रिकाम्या पेटीत ती वळणावळणाला आपटते. रात्री नेहमीपेक्षा जास्त लडखडत होती, म्हणून उतार काढून ठेवला आणि लहान जागेत, जमिनीवर अंथरूण. गळ्यातल्या कडक कॉलरने तिला काहीच धड दिसेना, भिंतीचा आधारही लागेना. डॉक्टरांना विचारून त्याऐवजी अंगात घालायचा मऊ कापडी सदरा घातला.

१९ एप्रिल

टाके बरे. उतार परत जागेवर.

२ जून

आज सकाळी काहीतरी वेगळं होतं. चिंगी आजवर दोन्ही बाजूंना सारखी पडायची. आज प्रत्येक वेळी डावीकडेच. डोकं डावीकडे कललेलं, आणि डोळ्यांची बुबुळं एका लयीत आडवी सरकत होती. खाद्याला तोंड लावलं नाही.

हे तिचं नव्हे, हे नक्की. अनुमस्तिष्काचा दोष जन्मापासूनचा आणि न वाढणारा, तो एका सकाळी बाजू बदलत नाही. डोकं एकीकडे कलणं, डोळे असे हलणं, एकाच अंगावर कोसळणं ही तोल सांभाळणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेची, आतल्या कानाची किंवा त्याच्या मज्जातंतूची लक्षणं. मार्चमधलं आणि आजचं चित्रीकरण दोन्ही घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दोन्ही एकापाठोपाठ पाहिले आणि थेट कानाकडे वळले. डाव्या मधल्या कानात संसर्ग आहे, आतपर्यंत पोचलेला. तोंडाने द्यायचं प्रतिजैविक आणि मळमळीवरचं औषध लिहून दिलं. औषध मधेच थांबवायचं नाही, कानाचा संसर्ग आठवडेच्या आठवडे घेतो.

तोवर अंथरूण, पाणी, ट्रे सगळं एका कोपऱ्यात, हाताच्या अंतरावर. खाद्य बोटावर घेऊन भरवलं. चार घास गेले तेव्हा जीव भांड्यात पडला.

६ जून

बुबुळं स्थिर झाली. वाटीतून स्वतः खाल्लं.

२८ जून

डोकं अजून किंचित कललेलं. डॉक्टर म्हणतात, थोडा कल कायमचा राहू शकतो, तेवढ्याने काही बिघडत नाही. चाल जुन्या चित्रीकरणाशी ताडून पाहिली, जवळजवळ तीच. आता हीच तिची नेहमीची चाल, म्हणून आजचं चित्रीकरण नव्या नावाने ठेवलं.

५ जुलै

आम्ही बाहेर असताना शेजारच्या काकू येऊन बघणार आहेत. त्यांच्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला कागद लावला:

"काकू, चिंगी पडली तर घाबरू नका, उठेल. उचलायची वेळ आली तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि छातीशी घट्ट धरा. सैल धरलं की ती हातपाय झाडते. खाली ठेवताना चारही पाय टेकून ती स्थिर होईपर्यंत हात काढू नका. भिंतीलगत पिशवी, चप्पल काही ठेवू नका. बाथरूमचं दार लावा. एकाच बाजूला पडायला लागली, डोकं कललेलं जास्त वाटलं, डोळे हलताना दिसले किंवा दिवसभर खाल्लं नाही, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, नंबर खाली आहे. गोटू कपाटावर असेल, त्याची वाटी वरच ठेवा."

काकूंनी आज येऊन उचलून ठेवायचा सराव केला. जमलं त्यांना.

१३ जुलै

जिन्याचं फाटक बसवलं. गजांमधलं अंतर ५ सेंटीमीटर, खाली फट नाही. चिंगीचं वजन आज २ किलो ९०० ग्रॅम. पुढचं काम पलंगाचा उतार: पलंग सोफ्यापेक्षा उंच आहे, सरळ फळी ठेवली तर खोलीची वाट अडते. मधे वळण आणि एक सपाट टप्पा घ्यावा लागेल. दादा रविवारी माप घ्यायला येतोय.